चढाचा खटका

अण्णा मगदूम कुठल्याही यंत्रापुढे उभे राहिले की आधी त्याला पालथा हात लावत. तळहाताला आयुष्यभर लोखंड हाताळून घट्टे पडलेत, त्याला आता काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोटर, केबल, गिअरचा डबा, बेअरिंग, सगळ्यांची अशी तपासणी व्हायची. हात चटकन मागे आला की कपाळाला आठी पडे. "गरम म्हंजे वाया," ते म्हणत. "रानात जायाची ताकद हितंच हवेत चाललीया." त्या हातावर भाजल्याचे पांढरे डाग होते, आणि कारखान्यात आलेल्या पाहुण्यांना ते डाग दाखवताना अण्णांची मान ताठ व्हायची.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. मी मूळची कोरेगावची. वडील फौजेतून निवृत्त होऊन शेती करत होते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, पुण्यात बॅटऱ्यांच्या एका कंपनीत थोडी वर्षं काढली, लग्नानंतर सांगलीला आले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक गिअर कापणारा माणूस म्हणे अर्धा डिझेलवर आणि अर्धा विजेवर चालणारा ट्रॅक्टर बनवतोय, असं कानावर आलं म्हणून गेले. मी लॅपटॉप उघडून माझं पुण्यातलं काम दाखवायला लागले. अण्णांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. लॅपटॉपच्या पोटाखाली पालथा हात घातला.

"ह्यो बी तापतोय की."

"हो, थोडा तापतो," मी म्हटलं.

"कुटनं आलीस?"

"कोरेगावची आहे."

"सातारकर व्हय? मग डोंगर बघितल्यात. उद्यापास्नं ये."

एवढीच मुलाखत. त्या दिवसापासून माझं नाव सातारकर पडलं. माझं खरं नाव त्यांनी पगाराच्या दिवशीसुद्धा कधी उच्चारलं नाही.

बाळगोंडा मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. पलूसकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले, उसाची जमीन भावाकडे सोपवून तरुणपणी कुपवाडला शेड टाकलेले. नम्रपणा हा गुण त्यांच्याकडे नव्हता आणि त्याची त्यांना गरजही वाटत नव्हती. "माझ्यासारखा गिअर कापनारा ह्या जिल्ह्यात दुसरा दाखवा, मी शेडला कुलूप लावतो," असं ते चहा पिता पिता सहज सांगत. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नियम त्यांनी कारखान्यातही पाळला. उन्हं कलली की ते डबा उघडून लेथच्या बाजूच्या बाकावर बसत आणि जो कुणी समोर दिसेल त्याला अर्धी भाकरी देत. मला त्यांच्याशी भांडायला हीच वेळ बरी सापडायची, कारण तोंडात घास असताना ते ओरडू शकत नसत.

ट्रॅक्टरचं वेड त्यांना कसं लागलं ते त्यांनी मला शंभरदा तरी सांगितलं असेल. गळिताच्या हंगामात घरचा ऊस साखर कारखान्यावर घालायला ते भावाबरोबर गेले होते. वजनकाट्याच्या अलीकडे ट्रॅक्टरांची रांग लागलेली. दोन पावलं पुढं, मग थांबायचं, पुन्हा दोन पावलं. बंद करून परत चालू करायचा कंटाळा, म्हणून कुणीच इंजिन बंद करत नव्हतं. "सगळे हुबे हायत आनि सगळ्यांची इंजनं पळत्यात!" हे सांगताना एवढ्या वर्षांनीही अण्णा उठून उभे राहायचे. "कुटं चाललाय रं गड्यांनो? कुटंच न्हाई. मग डिझेल कशाला घालताय?"

त्या रांगेत उभं असतानाच त्यांच्या डोक्यात आलं की ट्रॅक्टरला एक लहान इंजिन असावं आणि त्याच्या जोडीला एक विजेची मोटर. रांगेत सरकायला, गोठ्यापासून रानापर्यंत जायला मोटर. नांगरटीला इंजिन. जिथे जोर लागेल तिथे दोघं मिळून. बॅटरी रात्री घरच्या विजेवर भरायची, दिवसा इंजिनाला काम कमी असेल तेव्हा त्यानेही भरायची. ऐकायला सोपं आहे. अवघड एवढंच, की कुठलं ओझं कधी कुणी उचलायचं हे ठरवणार कोण, आणि कशावरून. अण्णांनी माणसं ठेवून, जुन्या ट्रॅक्टरचे सांगाडे उघडून, मोटर बसवून, गिअर स्वतः कापून गाडी उभी केली होती. हे ठरवण्याचं काम मात्र बाकी होतं. ते माझ्याकडे आलं.

आणि तिथेच आमचं वाजलं.

अण्णांचा हिशेब सरळ होता. बॅटरीत रात्री भरलेली वीज आहे ना, मग ती आधी वापरा. ती संपली की डिझेल. संध्याकाळी गाडी घरी आली की बॅटरी रिकामी पाहिजे, एक थेंब शिल्लक राहता कामा नये. मी म्हणत होते की बॅटरीतला काही भाग कायम राखून ठेवायला हवा. आपलं इंजिन लहान आहे. भरलेली ट्रॉली घेऊन चढ लागला तर एकट्या इंजिनाने ती ओढणार नाही, मोटर हवीच, आणि मोटरला त्या वेळी बॅटरी हवी.

"भरल्यालं घेऊन हिंडायचं आनि वापरायचं न्हाई? ही कुटली रीत?" अण्णा भाकरी मोडत म्हणाले.

"अण्णा, चढाला काय करणार?"

"चढ कवा येतोय? दिवसातनं एकदा. त्येच्यासाठी दिवसभर जपून वापरू?"

"अहो, पण त्या एकदा आलेल्या चढालाच गाडी थांबली तर?"

"थांबत न्हाई. मी कापल्याला गिअर हाय त्यो."

विषय संपला. मालक ते, ट्रॅक्टर त्यांचा. मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं बसवून दिलं, आणि माझं मत बदललेलं नाही हेही त्यांना सांगितलं. ते हसले. "बदलू नगंस," म्हणाले.

पलीकडे कोरेगावच्या बाजूला शेतकऱ्यांचा एक गट होता. सगळ्यांनी मिळून वापरायला ट्रॅक्टर घ्यावेत असं त्यांच्या मनात होतं. त्यांचे प्रमुख जाधव सुभेदार, फौजेतून आलेले, कमी बोलणारे. त्यांनी अट घातली की आमच्याकडचा घाट भरल्या ट्रॉलीनिशी चढून दाखवा, मग पुढचं बोलू. अण्णांनी लगेच हो म्हटलं. ट्रॉलीत मुरूम भरला, कारण उसापेक्षा त्याचं वजन नेमकं साधता येतं. गाडी चालवायला स्वतः अण्णा बसले. दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा प्रश्नच नव्हता. मी मागून जीपमध्ये.

सपाटीला गाडी सुरेख चालली. अण्णांच्या हिशेबाप्रमाणे बॅटरी आधी. इंजिन गप्प, ट्रॅक्टर निघालाय, रस्त्यावरची माणसं वळून पाहतायत, अण्णा त्यांना हात करतायत. माझ्या फोनवर बॅटरीचा आकडा दिसत होता आणि तो भराभर उतरत होता. घाटाच्या पायथ्याशी तो तळाला गेला. इंजिन सुरू झालं. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणावर इंजिन कण्हायला लागलं, काळा धूर आला, आणि ट्रॅक्टर उभा राहिला.

आणि मग मागे सरकायला लागला.

अण्णांनी दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. ट्रॉलीचं वजन मागे ओढत होतं, चाकं खडीवर थोडी थोडी घसरत होती. आमच्या जीपच्या मागे एसटी होती, भरलेली. मी उडी मारून उतरले आणि कडेचा दगड उचलून ट्रॉलीच्या चाकामागे टाकला. तो छोटा होता, चाकाने तो बाजूला ढकलला. "दगड आना! मोठा दगड!" मी ओरडले. एसटीचा कंडक्टर धावला, मागून दोन बाया उतरल्या, एका म्हाताऱ्याने संरक्षक कठड्याचा सुटलेला चिरा दाखवला. तो आम्ही चौघांनी ढकलत आणून चाकाला लावला, मग दुसरा दगड दुसऱ्या चाकाला. ट्रॅक्टर थांबला. अण्णा तरीही ब्रेकवरून पाय काढायला तयार नव्हते. मी वर चढून हँडब्रेक ओढून दाखवला तेव्हा त्यांनी पाय सोडले.

वरच्या वळणावरून सुभेदार आणि त्यांच्या गटाची माणसं हे सगळं पाहत होती. ती खाली उतरून आली. मला वाटलं, अण्णा आता काहीतरी सबब सांगणार. डिझेल खराब होतं, मुरूम जास्त भरला होता, काहीही. खपूनही गेलं असतं.

सुभेदार शांतपणे म्हणाले, "फौजेत गाडी चढावर अडकली तर आमी डायवरला न्हाई इचारत. चढ न बघता गाडी धाडनाऱ्याला इचारतो."

"धाडनारा मीच," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हिनं सांगितलं हुतं. बॅटरी चढासाठी राखून ठेवा म्हनली. मी ऐकलं न्हाई. गाडीत खोट न्हाई, माझ्यात हाय. एक हंगाम द्या. हितंच येतो, ह्याच चढाला."

रस्त्यावर मागे एसटीतले लोक, पुढे आठ-दहा शेतकरी, त्यांच्यामध्ये आपली सगळी हयात कारखान्यात घातलेला माणूस उभा राहून हे म्हणत होता. त्यांचा आवाज जरासुद्धा खाली आला नव्हता. जितक्या जोरात ते आपल्या गिअरची तारीफ करत तितक्याच जोरात त्यांनी आपली चूक सांगितली. माझ्या वडिलांखेरीज मला कुणाचा इतका अभिमान वाटला असेल तर त्या दिवशी अण्णांचा.

सुभेदारांनी होकाराची मान हलवली.

कुपवाडला परत आल्यावर अण्णांनी मला बाकावर बसवलं. "बॅटरीचं आता तू ठरवायचं. मी सांगितलं तरी बदलायचं न्हाई." आणि मग पुढचा हंगामभर ते दर चार दिवसांनी येऊन बदलायला सांगायचे. कधी गोड बोलून, कधी रागावून, एकदा तर मालक कोण आहे असंही विचारून. मी नाही म्हटलं की ते हात मागे बांधून शीळ घालत निघून जायचे. मला बऱ्याच दिवसांनी कळलं की ते मला पक्कं करत होते.

पण त्यांनी नुसती माघार घेतली असंही नाही. मी राखीव भाग ठेवला तेव्हा अण्णांनी त्यातली खोच पकडली. "पलूसला सगळं सपाट. तितल्या मानसानं कशाला राखून ठेवायची? त्येचं नुस्कान न्हवं का?" ते खरं होतं. मग मी म्हटलं, गाडीला नकाशा देऊ, पुढे चढ आहे का ते ती स्वतः पाहील. मी त्यावर बरेच दिवस घालवले. रानात फोनला रेंज मिळेना, बांधावरचे रस्ते नकाशात सापडेनात. अण्णा रोज येऊन बघून जायचे. एक दिवस एका लाकडी फळीवर बसवलेला साधा खटका घेऊन आले. तीन खुणा. शेजारी खडूने लिहिलं होतं: रान, सडक, चढ.

"गाडीला म्होरं काय हाय ते कळत न्हाई," ते म्हणाले. "डायवरला कळतंय. मग त्येलाच इचार की."

मी तो खटका हातात घेऊन किती वेळ पाहत बसले. ड्रायव्हरने सकाळी निघताना तो फिरवायचा. रानात असेल तर जोर लागेल तेव्हा दोघं मिळून. सडकेवर असेल तर बॅटरी मोकळ्या हाताने वापरायची. चढ म्हटलं की सपाटीलाच इंजिनाने बॅटरी थोडी थोडी भरत न्यायची. या शेवटच्या गोष्टीवर अण्णा पुन्हा अडून बसले. डिझेल जाळून बॅटरी भरायची? मी त्यांना समजावलं की सपाटीला इंजिन अर्ध्याच ताकदीने चालतं आणि तेव्हाच ते जास्त वाया घालवतं, त्याला थोडं काम वाढवून दिलं तर तेच डिझेल जास्त उपयोगी पडतं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी डिझेलची टाकी काढून तिच्या जागी काचेची बरणी लावली, दोन्ही तऱ्हेने गाडी चालवली आणि बरणीकडे पाहत राहिले. मग बाहेर येऊन लेथवरच्या सगळ्यांना ऐकवलं, "सातारकर बरोबर हाय!" जणू काही शोध त्यांनीच लावला होता.

आणखी एक गोष्ट आम्हाला दोघांनाही उशिरा सुचली. चढ संपला की उतार येतो, आणि उतारावर चाकांनी फिरवलेली मोटर उलट बॅटरी भरू शकते. पण माथ्यावर पोचताना बॅटरी भरलेलीच असेल तर ती परत मिळालेली वीज ठेवणार कुठे? म्हणून चढावर राखलेलं सगळं खर्च करायचं, माथ्याला जागा मोकळी करून पोचायचं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा अण्णा माझ्या शेजारी मडगार्डवर बसले होते. उतारावर आकडा वर वर चढत होता. ते बघून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "डोंगरानं परत दिलं बग!"

हंगाम संपला आणि आम्ही पुन्हा त्याच घाटात गेलो. तोच मुरूम, तीच ट्रॉली. सुभेदार आपली माणसं घेऊन आले होते. या वेळी माझे वडीलही होते. गाडीपाशी आल्यावर अण्णा चढलेच नाहीत. किल्ली माझ्या हातात दिली.

"आज तू चालव."

"अण्णा, मी?"

"कोरेगावची न्हवं तू? बापाच्या टॅक्टरवर बसली नसशील असं मला सांगू नगं."

बसले होते. मी खटका चढावर फिरवला. पहिलं वळण, दुसरं वळण. जिथे मागच्या वेळी चिरा लावला होता तिथे मोटरचा जोर लागलेला मला सीटखाली जाणवला. ट्रॅक्टर एकदाही न कुरकुरता वर गेला. माथ्यावर मी उतरले तेव्हा वडील गावातल्या माणसांशी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. भरून आलं की ते असंच करतात.

मागून जीपमधून अण्णा आले. सुभेदारांनी त्यांच्याशी हात मिळवला. अण्णा म्हणाले, "ह्यातलं डोकं हिचं हाय." मग लगेच, "पर त्यो खटका माझा. त्यो माझ्याच डोक्यातनं निघालाय." सगळे हसले. अण्णांना हसण्यासारखं काही वाटलं नाही. ज्याचं श्रेय त्याला, आणि आपलं आपल्याला, हा त्यांचा चोख व्यवहार होता.

त्या गटाने ट्रॅक्टर घेतले. मग पलूसकडचे लोक आले, पुढे आणखी गावं झाली. अण्णांनी शेड वाढवली. मी आता तिथली सगळी चाचणी पाहते.

अण्णा यंदाच्या थंडीत गेले. आदल्या दुपारी ते कारखान्यात होते, एका नव्या पोराला शिव्या देत गिअर कसा कापतात ते दाखवत होते. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

त्यांच्या गावी पलूसला शोकसभा झाली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात माणसं मावत नव्हती. कारखानदार बोलले, पुढारी बोलले, अण्णांच्या जिद्दीवर, कष्टांवर. मीही बोलले. पुढे खुर्चीत अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, पदर घेऊन बसल्या होत्या. त्या कुपवाडच्या शेडमध्ये फारशा कधी आल्या नव्हत्या. ऊस, गोठा, सुना, नातवंडं यातून त्यांना वेळच मिळाला नाही. मागच्या दाराशी उभा असलेला एक माणूस हात वर करून पुढे आला. त्याला आमच्यापैकी कुणी ओळखत नव्हतं.

"मला बोलाया येत न्हाई," तो म्हणाला. "मी अण्णांचा टॅक्टर चालवतो. ऊस घालतो. आदीच्या डिझेलच्या गाडीवर पंधरा-वीस वर्सं काढली. कानात निसता घुंई आवाज. घरी गेलो तरी वरडूनच बोलायचो. बायको म्हनायची, भांडताय का बोलताय? आता कारखान्यावर रांगेत आसलो की इंजन बंद आसतंय. फोनवर पोरीशी बोलतो. पोरगी परवा म्हनली, आबा, तुमी हळू बोलाया लागलाय." तो थांबला. "हे अण्णांना सांगायचं हुतं. ऱ्हाऊन गेलं." मग त्याने अक्कांना नमस्कार केला. "निघतो. रानात ट्रॉली भराया मानसं थांबल्यात."

तो बाहेर गेला. सभागृहाच्या लांबच लांब खिडक्या रस्त्याकडे उघड्या होत्या. त्याचा ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली जोडून समोर लिंबाखाली उभा होता. तो वर चढला, खटका फिरवला, आणि ट्रॅक्टर निघाला. सभेतली माणसं एकेक करून खिडकीकडे वळली. ट्रॅक्टर पहिल्या खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला आणि वळणावर उसाच्या आड झाला. ट्रॉलीच्या साखळीची किणकिण तेवढी ऐकू आली.

अक्का माझ्याकडे वळल्या. "गेला व्हय त्यो?"

"गेला, अक्का."

"इंजनाचा आवाज न्हाई आला."

"नाही. तो असाच जातो."

अक्का त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसल्या.

"हे करत हुते व्हय इतकी वर्सं," त्या म्हणाल्या.